माझ्या करंगळीची तीट

शूटिंगवाले आले तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. येऊ द्या म्हटलं, आपलं काय जातं. भीती बसली ती त्या पोरीमुळं. तिनं मोबाईलकडं पाहिलं, मग माझ्या पोराकडं पाहिलं, परत मोबाईलकडं, परत पोराकडं, आणि उभ्या उभ्या एकटीच हसली. पोराकडं बघून हसली असती तर कोणत्या आईला वाईट वाटतं? ती मोबाईलकडं बघून हसली. मी पदर ओढला पोराच्या तोंडावर.

आम्ही पिंजारी, मुसलमानांतले. गाद्या-रजया भरतो. सासर शिंदखेड्याचं, माहेर बोदवडचं. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं म्हणून मीही आबाच म्हणते, आणि सासूला माय. आता कापूस मशीनवर पिंजतात, ते काम पोराचे बाबा करतात, पण आबांची जुनी पिंजण, ती तात बांधलेली मोठी कमान असते ना, ती अजून भिंतीला टांगलेली आहे आणि तिला कोणी हात लावला तर आबा जेवत नाहीत. तर शूटिंगवाल्यांनी गावाबाहेरची बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल घेतली होती, जुन्या काळचा पिक्चर होता, त्यात हातानं कापूस पिंजणारा म्हातारा पाहिजे होता आणि जुन्या पद्धतीच्या रजया पाहिजे होत्या. कोणीतरी आबांचं घर दाखवलं. झालं, बापलेक रोज सकाळी पिंजण घेऊन जिनिंगवर, आणि मी दुपारी डबा घेऊन, पोरगं कडेवर. नुकतंच बसायला लागलं होतं ते, दात येत होते, दिसेल ते तोंडात घालायचं.

तिथं एक गंमत होती. स्टुलावर एक लॅपटॉप ठेवलेला, त्याला ऊन लागू नये म्हणून वर छत्री धरलेली, आणि त्या लॅपटॉपमध्ये एक साहेब. इथला मोठा साहेब खुर्चीत बसायचा तो वेगळा. पण काहीही करायचं म्हटलं की हे सगळे लॅपटॉपपुढं जाऊन वाकायचे, सर असं चालेल का, सर तसं चालेल का. तो साहेब बोलायचा, मध्येच गोठायचा, तोंड उघडं तसंच राहायचं, मग सगळे थांबायचे. आबांना फार आवडायचा तो. घरी येऊन मायला सांगायचे, "हाऊ डबामाना साहेब चांगला शे. बठ्ठासले दम देस, पन चहा नही मांगस." सगळ्यांवर हुकूम चालवतो आणि चहा मागत नाही, ह्याचंच कौतुक.

मी पोराच्या बाबांना विचारलं, हा साहेब इथं का येत नाही? तर म्हणाले, लांब राहतो. कुठं? दुसऱ्या देशात, दोन देश मिळून पिक्चर काढतायत. म्हटलं दुसरा कोणता? म्हणाले, आहे एक शेजारचा. नेपाळ का? तर म्हणाले, "नेपाळच धर."

धर म्हणजे? नेपाळ असतं तर माणूस नेपाळ म्हणतो. धर कशाला म्हणेल?

मग ती पोरगी आमच्या घरी आली. पुण्याकडची होती, केस आखूड, गळ्यात फोटोचं कार्ड. तिचं काम एकच, जुळवायचं. काल नटीच्या हातात किती बांगड्या होत्या, पदर कोणत्या खांद्यावर होता, दिवा किती जळाला होता, ते सगळं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचं आणि आज तसंच आहे का बघायचं. तिनं मला ताई ताई केलं, मायच्या हातचा चहा प्यायली, आणि म्हणाली की पिक्चरमध्ये एक बाळ आहे, ते तुमचं बाळ झालं तर बरं होईल, एका दिवसाचं काम, तुमच्याच मांडीवर राहील, तुमचं तोंडही दिसणार नाही. गोष्ट अशी, म्हणाली, की देश तुटला त्या वेळची एक बाई आहे, ती तान्ह्या बाळाला घेऊन गाव सोडून जाते. मी विचारलं, कुठं जाते? ती म्हणाली, तिकडं.

"इथं बाळं कमी आहेत का?" मी म्हटलं. "माझंच का?"

"हेच चेहऱ्यानं बरोबर आहे, ताई."

"कशाला बरोबर?"

ती मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवत म्हणाली, "गोष्टीला."

माय खूश. आबा तर त्याहून. मी म्हटलं नको, तर माय हसली, म्हणाली, "तुमना बोदवडना माणसे सावलीले बी भ्यातस." मायचं ते नेहमीचंच आहे, मी बोलले की बोदवड काढायचं. पण रात्रीचं जेवण झाल्यावर मी भांडी तशीच ठेवली आणि पोराच्या बाबांपुढं बसले. म्हटलं देशाचं नाव सांगा, नाहीतर पोरगं देत नाही. त्यांनी दार लोटून घेतलं. आधी दार लोटलं आणि मग नाव सांगितलं. इतक्या हळू सांगितलं की मी ते त्यांच्या ओठांवरूनच ओळखलं.

आता आमच्यासारख्या घरात त्या देशाचं नाव कसं घ्यायचं असतं ते मला माहीत आहे. घ्यायचंच नसतं. मॅच असली तर आमचे आबा टीव्हीचा आवाज बारीक करतात. म्हणतात, आपल्या घरात टाळी वाजली तर ती कोणत्या बॉलला वाजली हे शेजारपाजारचे बघतात. आणि ह्या घरातलं पोरगं त्यांच्या पिक्चरमध्ये? मी म्हटलं, उद्या त्याचं तोंड तिकडच्या भिंतींवर लागेल, उद्या हा मोठा होईल, नोकरीला जाईल, कोणीतरी म्हणेल हाच तो. ते म्हणाले, पिक्चर सरकारला विचारून काढतायत, परवानगी आहे, आबांनी हो म्हटलंय, एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि मग ते रागावले, म्हणजे तेही घाबरलेलेच होते. घाबरले की ते रागावतात.

शेवटी हो म्हटलं. पण एक गोष्ट सांगून ठेवली, पोरगं माझ्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी टेप घेऊन आली. पोराचं डोकं मोजलं. पाय मोजला. पाऊल, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मी म्हटलं झबल्याला पाऊल कशाला लागतं? म्हणाली, मोजे विणतायत. कोण विणतंय? इथं तर कोणी विणताना दिसत नव्हतं. आणि मापं घेऊन ती लिहून ठेवत नव्हती, मोबाईलमधल्या दुसऱ्या मापांशी ताडून बघत होती, आणि म्हणत होती, "अरे वा, पाऊलसुद्धा!" पाऊलसुद्धा काय?

शूटिंगच्या दिवशी मला जुन्या काळचं लुगडं नेसवलं, चपला काढून ठेवायला लावल्या, आणि पोराला पिवळं झबलं घातलं, लाल गोट लावलेलं, आणि तसलंच टोपडं. गोड दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी काजळाची डबी काढली आणि डाव्या कानशिलावर तीट लावली. आमच्यात तीट आईनंच लावायची, आणि करंगळीनंच. माय म्हणते दुसऱ्याच्या बोटाची तीट नजर काढत नाही, नजर बोलावते. माझी तीट तिळाएवढी असते. तर तो तोंडं रंगवणारा माणूस डबी घेऊन पुढं आला, म्हणाला थोडी मोठी करतो. मी म्हटलं हात लावायचा नाही. ती पोरगी म्हणाली, "ताई, मग तुम्हीच करा ना थोडी मोठी." मी म्हटलं का? "तशीच पाहिजे." कशाशी तशी? ती मोबाईलकडं बघायला लागली. मी डबी ब्लाऊजमध्ये खोचली आणि तीट होती तेवढीच ठेवली.

मग लॅपटॉपमधला साहेब गोठला, सगळे तिकडं धावले. ती पोरगीही धावली आणि मोबाईल माझ्याशेजारी खाटेवर राहिला. पोरानं त्याच्यावर थाप मारली. मोबाईल उजळला.

त्यात माझं पोरगं होतं. पिवळं झबलं, लाल गोट, तेच टोपडं, डाव्या कानशिलावर तीट. आणि ते एका बाईच्या मांडीवर होतं. मी नव्हते ती. नाकात मोठी नथनी, डोक्यावर ओढणी, मागं निळं दार. तसलं दार आमच्या गावात नाही. ती बाई माझ्या पोराच्या पोटावर हात ठेवून बसली होती, जसा आपल्या पोराच्या पोटावर ठेवतात तसा.

माझं डोकं कसं चाललं ते सांगते. हे झबलं पोरानं आत्ता पहिल्यांदा घातलं. मग हा फोटो काढला कधी? म्हणजे काढलेला नाही, बनवलाय. हल्ली कॉम्प्युटरवर बनवतात, कोणाचंही तोंड कोणालाही लावतात, ते आम्हीही मोबाईलमध्ये बघतो. आणि कशाला बनवला? तिकडच्या त्या बाईला दाखवायला, की बघ, असा दिसेल तुझ्या मांडीवर. पसंत आहे का? तिला पसंत पडला असेल. म्हणून डोक्याचं माप, म्हणून पावलाचं माप, म्हणून चेहऱ्यानं बरोबर. सगळं एकामागं एक जुळत गेलं, आणि एकदा जुळायला लागलं की थांबत नाही.

मी पोराला उचललं आणि जिनिंगच्या मागच्या बाजूनं, कापसाच्या गोण्यांमधून, तशीच अनवाणी, तेच लुगडं नेसलेली, पळाले. आबांना सांगितलं नाही. पोराच्या बाबांना तर नाहीच, त्यांनीच दार लोटून मला समजावलं होतं ना. त्या वेळी मला ते सुद्धा त्यांच्यातलेच वाटले. स्टेशनवर जायचं, भुसावळची गाडी पकडायची, तिथून बोदवड, आईच्या घरी जाऊन कडी लावायची, एवढंच डोक्यात.

स्टेशनवर लोक माझ्याकडं बघायला लागले. बघणारच. बाई जुन्या फोटोतून उतरल्यासारखी, पायाला रक्त, कडेवर रडणारं पोरगं. एक भाजी विकून परत चाललेली अक्का होती, तिनं मला बाकावर जागा दिली, म्हणाली, "काय व्हयनं वं माय? कोनी मारं का?" मी नाही म्हणून मान हलवली. आणि तेवढ्यात ती पोरगी धावत प्लॅटफॉर्मवर आली, ताई थांबा, ताई थांबा करत, एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात मोबाईल.

मी पोराला छातीशी आवळलं आणि मागं सरकले. बस, एवढंच केलं. पण तेवढं सगळ्यांना दिसलं.

"ए बाई, थांब!" डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस आडवा झाला. "इन्हा मांगे काब्र पळी राहिनी तू? कोन शेस तू?"

माझ्यामागं का पळतेस म्हटल्यावर ती म्हणाली, मी शूटिंगची, त्यांना परत न्यायला आलेय.

"परत न्यायले? तिले का पोरले?"

दोनाचे दहा झाले. कोणीतरी म्हणालं, "पोरगं पळवनारी शे वाटस." हे एक वाक्य आमच्या भागात कसं आहे सांगू का, वाळलेल्या गवतात काडी टाकल्यासारखं. अशी अफवा उठली की मग कोणी कोणाचं ऐकत नाही. ती पोरगी मागं सरकली तर मागंही माणसं. रुमालवाल्यानं तिच्या हातातला मोबाईल हिसकला, तो उघडाच होता, बोट सरकवलं, आणि ओरडला, "देखा! पोऱ्याना फोटोच फोटो शेतस इन्हा मोबाईलमा!"

माझ्या पोराचे होते. डबा आणताना, कडेवर, खाटेवर बसलेलं. मला न सांगता काढलेले. आणि मग तो निळ्या दाराचा. त्यानं तो माझ्या तोंडासमोर धरला. "वहिनी, नीट देख. हाऊ तुन्हाच पोऱ्या शे ना?"

मी नीट पाहिलं. आता माझं पोरगं माझ्या हातात घट्ट होतं म्हणून असेल, नीट पाहता आलं. तीट. कानशिलावरची तीट हरभऱ्याएवढी होती, खाली थोडी ओघळलेली. अंगठ्यानं लावलेली. माझी तीट अशी नसते. मी पोराला जन्मल्यापासून रोज तीट लावते, मला माझं बोट कळत नाही का? हे बोट माझं नव्हतं. मग हे पोरगंही माझं नव्हतं. कॉम्प्युटरनं बनवलं असतं तर माझ्या पोराची तीटही तशीच उचलली असती, तिळाएवढी. हे खरंच दुसरं पोरगं होतं, आणि त्याला खरंच कोणीतरी आई होती, जिनं स्वतःच्या अंगठ्यानं तीट लावली होती. तशीच पाहिजे, ती पोरगी म्हणाली होती. ह्या तिटेशी तशी.

"बोल ना वहिनी, तुन्हाच शे ना?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग कोणाचं? आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते उत्तर त्या प्लॅटफॉर्मवर, त्या गर्दीत, माझ्यासारखीनं द्यायचं? त्या पोरीला तर सोडलंच नसतं. आणि मग कोणीतरी माझं नाव विचारलं असतं.

"हो," मी म्हटलं. "माझंच पोरगं."

"आनि हाई बाई कोन शे? जिन्हा मांडीवर शे ती?"

"माझी बहीण."

"आनि हाई?" त्यानं त्या पोरीकडं बोट केलं.

"ती ओळखीची आहे. मीच काढू दिले फोटो."

"मंग तू पळी काब्र राहिंती?"

मी म्हटलं, "नवऱ्याशी भांडण झालं."

ती भाजीवाली अक्का जोरात हसली. "घ्या! नवरासाठे आख्खं टेसन गोया करं इनी! दे रे तिन्हा मोबाईल तिले." रुमालवाल्यानं मोबाईल परत दिला, पण मनापासून दिला नाही. गाडी येईपर्यंत तो लांबून आमच्याकडं बघत होता. भुसावळची गाडी आली, गेली. मी चढले नाही.

गर्दी पांगल्यावर ती पोरगी बाकावर माझ्याशेजारी बसली. माझ्या चपला अजून तिच्या हातातच होत्या. मग हळूहळू सांगायला लागली. तिकडचे लोक इकडं येऊ शकत नाहीत, इकडचे तिकडं जाऊ शकत नाहीत. म्हणून बाई गाव सोडते तिथपर्यंतचं इथं काढतायत, आणि ती उतरते तिथून पुढचं तिकडं. मध्ये एकाच दिवसाचा प्रवास आहे, म्हणून बाळ सारखं दिसायला पाहिजे. तिकडचं बाळ आधी मिळालं. त्याच्यासारखं इथं शोधत होते. झबल्याचं कापड एकाच ठाणातलं, त्यातला एक तुकडा तिकडं गेला. मोजे तिकडं विणले.

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगायचं नाही असं ठरलं होतं. लोक घाबरतात."

"आता नाही घाबरले का?"

तिनं चपला माझ्या पायाशी सरकवल्या.

"आणि तिला? त्या बाईला सांगितलंय का, की इकडं एक मी आहे, एक माझं पोरगं आहे?"

तिनं मान हलवली. नाही.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, आधी तिला सांगा. तिला सांगितल्याशिवाय मी झबलं परत घालायची नाही. ती म्हणाली ताई हे माझ्या हातात नाही. म्हटलं ज्याच्या हातात आहे त्या डब्यातल्या साहेबाला सांग. पटलं होतं मला तिचं बोलणं, पण विश्वास? तो अजून बसला नव्हता. मला वाटलं, ती बाई खरी असेल तर काहीतरी बोलेल. खरी नसेल तर हे लोक दोन दिवसांत गोड गोड निरोप बनवून आणतील, तुमच्या बाळाला आशीर्वाद वगैरे.

गोड निरोप आला नाही. ती पोरगी घरी आली ती तोंड पाडून. म्हणाली, तिकडच्या बाईला सांगितलं तर ती म्हणाली खोटं बोलता, माझ्याच लेकराचा फोटो कोणा परक्या बाईच्या मांडीवर चिकटवून मला दाखवता. आणि लेकराला घेऊन भावाच्या घरी निघून गेली. तिचंही काम थोडं राहिलं होतं. आता तीही येत नाही.

आबा पहिल्यांदा खो खो हसले. मग माझ्याकडं बघून थांबले.

मी नाही हसले. मला वाटलं, खरी आहे. आत्ता मला खात्री पटली.

"तिला काय पाहिजे?" मी विचारलं.

"पुरावा मागते. म्हणते ती बाई खरी असेल तर तिला तीट लावताना दाखवा. तोंड नको, बोट दाखवा."

पोराच्या बाबांनी आधी नाहीच म्हटलं. मग म्हणाले आवाज नको, तोंड नको, घर दिसायला नको. मागं पांढरी चादर धरली, मायनं एक टोक, त्यांनी एक. मी हातातल्या बांगड्या काढल्या, का काढल्या मलाही माहीत नाही, काही ओळखू यायला नको म्हणून. डबीत करंगळी बुडवली आणि पोराच्या कानशिलावर टेकवली. तिळाएवढी तीट उठली. ती पोरगी मोबाईल तसाच धरून उभी राहिली, मला माहीत होतं तिला काय पाहिजे. ते आधीच सांगितलं होतं तिनं, तिकडच्या बाईला लहान करा म्हटलं तर ती म्हणाली होती, माझी अशीच असते. म्हणजे तीही ऐकणारी नव्हती. मी परत करंगळी बुडवली, त्याच जागी टेकवली आणि थोडी फिरवली. हरभऱ्याएवढी झाली. बोट माझंच होतं, मायसुद्धा काही बोलली नाही.

दोन-चार दिवसांनी तिकडून एक छोटा व्हिडिओ आला. तोंड नाही, घर नाही. एक अंगठा, एक कानशील, तीट. आवाज बंद करायला ते लोक विसरले असतील, शेवटी बाळ खोकतं. कोरडा खोकला. मला वाटलं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकायला सांगावं. पण सांगायचं कोणाला आणि कसं? पोराच्या बाबांनी त्याच संध्याकाळी तो व्हिडिओ पुसून टाकला. म्हणाले असलं काही मोबाईलमध्ये ठेवायचं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

मग शूटिंग झालं. मी बैलगाडीत बसले, पाठमोरी, पोरगं खांद्यावर, गाडी जिनिंगच्या फाटकातून बाहेर जाते एवढंच. लॅपटॉपमधला साहेब म्हणाला परत करा, परत केलं. संपलं. ते लोक गेले आणि जाताना झबलं पोराला देऊन गेले.

पुढं काही महिन्यांनी सीमेवर गडबड झाली. काय ते तुम्हाला माहीत असेल, माझ्यापेक्षा जास्त. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या गल्लीत एक जण, त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे, सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "काय आबा, तुमना पोऱ्या तर तिकडला हिरो शे ना?" हसत म्हणाला. आबाही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. मी त्या पोरीला फोन लावला, तिनं उचलला, म्हणाली ताई पिक्चर थांबलाय, बहुतेक येणारच नाही, तुम्ही कोणाला काही बोलू नका. नंतर तिचा फोन लागेनासा झाला.

मग मला त्या झबल्याची भीती वाटायला लागली. कपडाच तो, पण कोणी घरात आलं आणि पेटी उघडली तर? विचारलं हे कुठलं, तर काय सांगू? चुलीत घालायला घेतलं होतं एकदा. हात पुढं झाला नाही. तिकडं तसंच एक आहे, आणि त्या पोराच्या अंगावर असताना हे जाळायचं म्हणजे अपशकुन. एक दिवस घरात पोराची रजई भरत होते, तेव्हा ते झबलं घडी करून कापसाच्या मधोमध ठेवलं आणि वरून टाके घातले. कोणाला सांगितलं नाही.

आता पोरगं चालतं, पळतं. कानशिलावर तीट लावून घेत नाही, पुसून टाकतं. आमच्याकडं कोणी मोबाईल वर केला की मी अजून त्याला पाठीमागं घेते.

परवा माय रजया उन्हात टाकत होती. एकेक झटकून बघत होती, पोराची हातात घेतली आणि थबकली. "हाई रजईमा काय शे वं? मधमा गाठ लागस."

"कापूस असेल," मी म्हटलं.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी हात पुढं केला, मायनं रजई दिली. आबांच्या रजईत जन्मात कधी गाठ नसते, सगळं शिंदखेडा सांगेल. त्यांनी डोळे मिटून तळहात फिरवला, जसा ते काम झाल्यावर फिरवतात, मधोमध आले, थांबले. बोटांनी चाचपलं. एकदा, दोनदा. कापूस आणि कापड त्यांच्या हाताला कळणार नाही का? त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, मग फाटकाकडं, रस्त्यावर कोणी आहे का ते.

"कापूस जुना शे," आबा मायला म्हणाले. "ऱ्हाऊ दे. हाई पिंजाले काढू नको."

आणि रजई घडी करून स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसले.